मुरलेली सुकी फळं: कमी खर्चातलं, जुन्या वळणाचं गोड

सुकी फळं रात्रभर भिजत घालायची, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवायची, शेवटी थोडी साखर आणि लिंबू घालायचं आणि मग गार होऊन मुरेपर्यंत पातेल्याकडे वळूनही बघायचं नाही. कृती म्हणाल तर एवढीच. ओव्हन लागत नाही, फेटाफेटी नाही, पाकाची तार बघत उभं राहणं नाही. तरीही हे गोड बिघडतं आणि बहुतेक वेळा घाईनं बिघडतं. भिजवण्याचे तास कापले जातात, साखर सुरुवातीलाच पडते, आच मोठी राहते. मग फळं चिवट राहतात, पाक नुसता गोडमिट्ट होतो आणि खाणारा म्हणतो, ‘बरं आहे.’

ताजी फळं बारा महिने मिळत नसत, त्या काळातला हा पदार्थ. म्हणूनच तो एका मुलखाचा नाही. तुर्कस्तानात त्याला होशाफ म्हणतात. इजिप्तमध्ये रमजानच्या महिन्यात खुशाफ होतो. युक्रेनमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी सुक्या नाशपाती, सफरचंदं आणि आलुबुखारांचा उझवार असतो. नॉर्वेत आलुबुखार शिजवून बटाट्याच्या स्टार्चनं दाटवतात आणि वरून साय ओततात. ब्रिटनमध्ये शाळेच्या जेवणात शिजवलेले आलुबुखार आणि कस्टर्ड इतक्या नेमानं यायचे की कित्येकांना त्यांचा वीट आला. नावं वेगळी, दाटपणा कमी-जास्त, पण रीत एकच. ज्यांच्या लहानपणी घरात असं काही शिजायचं, त्यांना दालचिनी आणि आंबूसगोड वाफेचा वास आला की पुढचं काही सांगावं लागत नाही.

या गोडाची अर्धी चव फळात असते आणि अर्धी पाण्यात. फळं ज्या पाण्यात भिजली, तेच पाणी पुढे पाक होतं. ते ओतून देऊन नवं पाणी घेतलंत, तर चांगला भाग मोरीत गेला.

कोणती फळं घ्यायची

एकाच फळाचं करता येतं, पण तीन-चार प्रकार एकत्र आले की चवीला खोली येते. माझा हिशोब सोपा आहे: एक आंबट, एक गडद, एक गोड आणि एक साधं. आंबटाला जर्दाळू. गडद म्हणजे सुके आलुबुखार, ज्यांना प्रून म्हणतात. पाकाला रंग आणि जडपणा त्यांच्यामुळेच येतो. गोडाला मनुका किंवा अंजीर. साध्यात सुकवलेल्या सफरचंदाच्या किंवा नाशपातीच्या चकत्या. या चकत्या स्वतः फार बोलत नाहीत, पण त्यांच्यातल्या पेक्टिनमुळे, म्हणजे फळातल्या दाटपणा आणणाऱ्या नैसर्गिक घटकामुळे, पाकाला अंग येतं. त्या मिळाल्या नाहीत तर अर्धं ताजं सफरचंद शेवटच्या दहा मिनिटांत घाला, काम भागतं.

खजूर मी फळ म्हणून घालत नाही, साखर म्हणून घालतो. शिजल्यावर तो जवळजवळ विरघळतो आणि पाक गढूळ पण दाट करतो. साखर अजिबात नको असेल तर चार-पाच खजूर बारीक चिरून टाका. खारकेला मात्र इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. ती घालायचीच असेल तर बी काढून, उभी चिरून, वेगळी भिजवावी आणि आधी शिजायला टाकावी.

खर्चाची बाब इथेच ठरते. भिजवून शिजवायचीच आहेत तर देखणी, मोठी, मऊ फळं कशाला? तुकडा झालेले जर्दाळू, आकाराला लहान अंजिरं, आक्रसून कडक झालेल्या मनुका, डब्याच्या तळाशी राहिलेली उरलीसुरली मूठ, हे सगळं इथे उत्तम चालतं. पाकिटातले ‘मऊ, खायला तयार’ आलुबुखार बहुतेकदा वाळवल्यावर पुन्हा ओलसर केलेले असतात. त्यात पाण्याचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास असतो, तर साध्या मनुकेत तो १५ ते १८ टक्केच. म्हणजे जे पाणी तुम्ही घरी फुकट घालणार, त्याचेच पैसे मोजायचे. ती मऊ फळं तशीच खायला ठेवा.

साखरेच्या पाकात मुरवून सुकवलेली फळं टाळा. पपई, अननस आणि बाजारातल्या बहुतेक क्रॅनबेरी अशा असतात. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत फळानंतर लगेच साखर दिसली की समजावं. भिजताना ती सगळी साखर पाण्यात उतरते आणि पुढे प्रमाण आपल्या हातात राहत नाही. रंगासाठी चिमूटभर क्रॅनबेरी घातल्या तर हरकत नाही.

निवडताना दोन गोष्टी डोळ्यांनी बघा

पहिली, रंग. चकचकीत नारिंगी जर्दाळू आणि पिवळेधमक बेदाणे यांना सल्फर डायऑक्साइडची प्रक्रिया दिलेली असते. पाकिटावर ते ‘ई २२०’ असंही लिहिलेलं असतं. त्यामुळे रंग टिकतो आणि फळ काळं पडत नाही. प्रक्रिया नसलेला जर्दाळू तपकिरी, थोडा कुरूपच दिसतो, पण त्याला काकवीसारखी गोड चव असते. या पदार्थात पाक तसाही गडद होणार असल्यानं मी तपकिरीच घेतो. ज्यांना दमा आहे त्यांच्यापैकी काहींना सल्फाइटचा, म्हणजे या प्रक्रियेतून फळात उरणाऱ्या अंशाचा, त्रास होतो. अशा घरात तर तपकिरीच घ्यावेत. नुसत्या धुण्यानं ते पूर्ण निघून जात नाही.

दुसरी, पांढरेपणा. अंजिरावर आणि आलुबुखारावर पुष्कळदा पांढरी पूड दिसते. ती बहुधा फळाचीच साखर असते; आतली साखर पृष्ठभागावर येऊन तिचे खडे बनतात. बोटानं चोळली की कणीदार लागते आणि कोमट पाण्यात विरघळून जाते. बुरशी तशी नसते. ती लवदार असते, तिला करडी किंवा हिरवट झाक असते आणि नाकाशी नेलं की कुबट वास येतो. शंका आली तर एक फळ कोमट पाण्याच्या वाटीत मिनिटभर ठेवा. पांढरेपणा गेला तर साखर. तंतू तरंगत राहिले तर ते फळ फेकाच आणि त्याला चिकटलेलीही फेका. अंजिरं मधोमध फाडून आत नजर टाकणं ही चांगली सवय आहे. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या अंजिरात काय निघेल, याचा नेम नसतो.

प्रमाण

चार ते पाच वाट्या गोडासाठी:

- सुकी फळं मिळून २५० ग्रॅम (उदाहरणार्थ ८० ग्रॅम जर्दाळू, ८० ग्रॅम आलुबुखार, ५० ग्रॅम अंजीर, ४० ग्रॅम मनुका)
- पाणी ७५० मिलिलिटर, म्हणजे वजनानं फळांच्या तिप्पट
- साखर किंवा गूळ २ मोठे चमचे, तोही चव बघून
- दालचिनीचा बोटभर तुकडा
- लवंगा २, जास्त नाहीत
- लिंबाच्या सालीची एक लांब पट्टी आणि १ ते २ छोटे चमचे रस
- मिठाची चिमूट

साखर कमी वाटेल. पण ताज्या द्राक्षात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो मनुका होतात. सगळी साखर त्या एका किलोत गोळा झालेली असते; मनुकेच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग साखरच असतो. जर्दाळूतही निम्म्याच्या आसपास असते. आपण वरून घालतो ती साखर गोडी आणण्यासाठी नसतेच, पाकाला किंचित जडपणा यावा म्हणून असते.

धुणं आणि भिजवणं

फळं कोमट पाण्यात एकदा हातानं खळबळून घ्या. मनुका एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना तेलाचा हलका हात दिलेला असतो. गार पाण्यानं तो निघत नाही. धुतलेलं हे पाणी टाकायचं. देठ खुडून टाका. अंजिराचं टोकाकडचं देठ कितीही शिजवलं तरी काडीसारखंच राहतं. बिया काढलेल्या नसतील तर जर्दाळू-आलुबुखारांच्या बिया आता काढा किंवा मुलं जेवायला नसतील तर राहू द्या. बियांसकट शिजलेल्या फळाचा आकार टिकतो. जर्दाळूची बी फोडून आतला गर पाकात घालण्याचा मोह मात्र नको. कडू जर्दाळूच्या गरात अमिग्डालिन असतं आणि त्यापासून पोटात सायनाइड तयार होतं. चार बदाम घातले तर तीच हौस सुखरूप भागते.

मग काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात फळं घालून मोजलेलं पाणी ओता. फळांवर तीन बोटं पाणी हवं, कारण ती फुगणार आहेत. आठ ते बारा तास. हवा उष्ण असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलं तर या गोड पाण्यावर बुडबुडे धरायला वेळ लागत नाही आणि मग मंद आंबूस दारूचा वास येतो. घाई असेल तर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवून दीड-दोन तास भिजवा. चालतं, पण फळाचं बाहेरचं अंग आधी मऊ होतं आणि गाभा मागे राहतो. अंजीर चिरून बघितलंत तर दिसेल: कडेला फुगलेली साल, मधे अजून घट्ट, कोरडा बियांचा गोळा.

नीट भिजलेलं फळ ओळखायचं कसं? मनुकेकडे बघा. सुरुवातीला तिच्यावर खोल सुरकुत्या असतात. चारेक तासांनी त्यांच्या कडा बोथट होतात आणि सकाळी ती जवळजवळ गुळगुळीत झालेली असते, देठाच्या खळगीजवळ एखादीच रेघ उरते. जर्दाळू चिमटीत धरून दाबा. दोन्ही बोटांना सारखा मऊपणा लागला आणि मधे कडक चकती जाणवली नाही, तर झालं. भिजवलेलं पाणी आता फिकट चहाच्या रंगाचं झालेलं असतं. चाखून बघा, आताच बऱ्यापैकी गोड लागेल.

भिजवताना साखर घालायची नाही, लिंबूही नाही. गोड पाण्यात फळ पाणी ओढून घ्यायला कचरतं, कारण बाहेरच्या साखरेनं ते पाणी आधीच धरून ठेवलेलं असतं. आंबटपणाचा परिणाम वेगळा आहे. फळाच्या पेशींच्या भिंती ज्या पेक्टिननं जोडलेल्या असतात, ते आम्लात चटकन सुटत नाही. म्हणून लिंबू आधी पडलं की फळ शिजायला उशीर लावतं. नळाचं पाणी फार जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळेही साली चिवट राहतात. तेव्हा पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा.

पाण्याऐवजी बिनदुधाचा फिका काळा चहा घेतला तर आलुबुखार विशेष खुलतात. चहातला किंचित तुरटपणा गोडीला लगाम घालतो. चहा गाळलेला आणि फिकाच हवा. कडक चहात भिजवलेले जर्दाळू तोंड ओढतात.

शिजवणं

पातेलं जाड बुडाचं आणि रुंद घ्या. फळं शक्यतो एका थरात, फार तर दोन थरांत मावली पाहिजेत. स्टील किंवा इनॅमल चालतं. ॲल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेलं तांबं-पितळ नको. फळांच्या आंबटपणानं चवीत धातू उतरतो. प्रेशर कुकर तर नकोच. एका शिट्टीत जर्दाळूंचा लगदा होतो आणि अंजिरं तशीच राहतात.

सगळी फळं एकदम टाकू नका. भिजवलेलं पाणी पातेल्यात ओता आणि त्यात आधी अंजीर आणि जर्दाळू सोडा. सोबत दालचिनी, लवंगा आणि मीठ. मध्यम आचेवर ठेवा आणि कडेला पहिले बुडबुडे दिसले की आच अगदी बारीक करा. पृष्ठभाग थरथरला पाहिजे, उसळायला नको. झाकण अर्धवट ठेवा. दहा मिनिटांनी आलुबुखार घाला. आणखी दहा मिनिटांनी मनुका आणि सफरचंदाच्या चकत्या. नंतर आणखी पाच ते दहा मिनिटं. एकूण अर्ध्या तासाच्या आसपास काम होतं. फळं जुनी, वाळकी असतील तर दहा मिनिटं जास्त धरा.

डाव घालून ढवळायचं नाही. पातेल्याचे कान धरून अधूनमधून गोल हलवा, पुरतं. ढवळलं की आलुबुखाराची साल सुटते, गर पाकात मिसळतो आणि सगळं एकाच तपकिरी रंगाचं होतं. चवीत फार फरक पडत नाही, पण वाटीत जर्दाळू जर्दाळूसारखा दिसला पाहिजे. फेस आला तर चमच्यानं काढा.

फळ शिजलं का ते सुरीच्या टोकानं बघा. टोक अंजिराच्या सालीतून अडखळल्याशिवाय आत गेलं पाहिजे. अजून चिवट वाटलं तर साखरेला हातही लावू नका, आणखी पाच मिनिटं थांबा. साखर पडल्यानंतर फळ आणखी मऊ होत नाही. जे आहे त्याच अवस्थेत घट्ट राहतं. मुरंब्यात फोडी आख्ख्या राहतात त्या याच कारणानं. तिथे तो फायदा असतो, इथे तोच तोटा.

फळं मऊ झाली की लिंबाच्या सालीची पट्टी आणि साखर घाला. पट्टी काढताना सालीखालचा पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो. सालकाढणीनं हलक्या हातानं काढली की फक्त पिवळा पापुद्रा येतो. साखर विरघळली की तीन-चार मिनिटांत आच बंद. लिंबाचा रस आच बंद केल्यावर घालायचा, म्हणजे त्याचा वास उडून जात नाही. गूळ वापरत असाल तर तो थोड्या गरम पाकात वेगळा विरघळवून, गाळून घाला. तळाची कचकच टळते.

पाक किती दाट

इथे घराघरांत मतभेद असतात. मला पातळ पाक आवडतो, वाटी तोंडाला लावून पिता येईल असा. दाट हवा असेल तर फळं झाऱ्यानं अलगद बाहेर काढून ठेवा आणि नुसता पाक मध्यम आचेवर आटवा. फळांसकट आटवू नका. पाक आटेल तेवढ्या वेळात फळं फुटतात.

चमचा पाकात बुडवून उचला आणि मागची बाजू बघा. पाक पाण्यासारखा ओघळून गेला तर अजून पातळ आहे. पाठीवर पातळ थर धरला आणि बोटानं रेघ ओढल्यावर ती क्षणभर तशीच राहिली, की थांबा. गार झाल्यावर तो आणखी दाटतो, त्यामुळे गरम असताना हवा त्याहून थोडा पातळच ठेवायचा. एकतारी पाकापर्यंत नेलात तर फ्रिजमध्ये त्याची चिकट जेली होईल.

दुसरा मार्ग स्टार्चचा. अर्धा लिटर पाकाला १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, ते आधी गार पाण्यात गुठळी न राहता कालवलेलं. उकळत्या पाकात धारेनं ओतत सतत हलवायचं, मिनिटभर उकळी येऊ द्यायची म्हणजे दुधाळपणा जाऊन पाक चमकायला लागतो. दोन चमचे घातले तर चमच्यानं कापून खाण्याइतकं घट्ट होतं. बटाट्याचा स्टार्च मिळाला तर तो कमी लागतो आणि जास्त नितळ दिसतो. पण घातल्यावर उकळत ठेवायचा नाही, पुन्हा सैल पडतो. स्टार्च वापरणार असाल तर लिंबाचा रस अगदी शेवटी, आच बंद केल्यावरच.

मुरू देणं

शिजल्या शिजल्या चाखलंत तर निराशा होईल. फळ वेगळं लागेल, पाक वेगळा लागेल आणि दालचिनी सगळ्यांच्या वर बोलत असेल. फळातली आणि पाकातली गोडी एका पातळीवर यायला वेळ लागतो. पातेलं कोमट झालं की दालचिनी, लवंगा आणि लिंबाची साल काढून टाका, राहिली तर लवंग रात्रभरात बाकीच्यांना गिळते. मग झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये किमान रात्रभर ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी चांगलं लागतं, तिसऱ्या दिवशी त्याहून चांगलं.

साखरेचा अंतिम निर्णयही गार झाल्यावरच घ्या. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, त्यामुळे गरम असताना योग्य वाटलेलं दुसऱ्या दिवशी थोडं फिकं लागू शकतं. तेव्हा चमचाभर मध किंवा साखरेचा पाक वरून घालणं सोपं. जास्त झालेली साखर काढता येत नाही. (मध घातलात तर वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातलं देऊ नका.)

वाढताना

जुन्या पद्धतीनं वाढायचं तर गार फळांवर कोमट, पातळ कस्टर्ड. गरम-गार एकत्र येण्यातच त्याची गंमत आहे. घट्ट दही किंवा चक्का तर मला कस्टर्डपेक्षाही जास्त पटतो, कारण त्याच्या आंबटपणानं फळांची गोडी उजळते. साय, व्हॅनिला आइस्क्रीम, रव्याची किंवा तांदळाची साधी खीर, सकाळी दलियावर दोन चमचे, सगळीकडे जमतं. बदाम-अक्रोड-पिस्ते घालायचे असतील तर वाढताना, तेही थोडे भाजून. पाकात मुरलेला अक्रोड मऊ आणि कडसर होतो.

वाटी लहान ठेवा. आलुबुखारात सॉर्बिटॉल, म्हणजे पोट सैल करणारा साखरेसारखा घटक, भरपूर असतं, शंभर ग्रॅममागे १५ ग्रॅमच्या आसपास, शिवाय तंतूही. बद्धकोष्ठावर त्यांचं नाव घेतलं जातं ते उगाच नाही. सवय नसलेल्यानं मोठा वाडगा संपवला तर संध्याकाळी पोट त्याची आठवण करून देतं. मधुमेह असलेल्यांनी वरून साखर घातली नाही म्हणून हे बिनसाखरेचं समजू नये.

बिघडलं तर

फार गोड झालं असेल तर पाणी ओतू नका, चव पातळ होते. लिंबाचा रस किंवा फिका काळा चहा घाला आणि पुन्हा चिमूटभर मीठ. पाक कडवट लागला तर दोष लवंगेचा किंवा लिंबाच्या पांढऱ्या सालीचा असतो. दोन्ही लगेच काढा आणि वाढताना दह्याची जोड द्या, कडवटपणा दबतो. पाक सपक लागत असेल तर फळांच्या मानानं पाणी जास्त झालंय, फळं काढून तो आटवा. फळं चिवट राहिली आणि साखर पडून गेली असेल तर पाक गाळून बाजूला ठेवा, फळं साध्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं मंद शिजवा आणि मग परत पाकात सोडा. थोडं नुकसान होतं, पण खाण्यासारखं होतं.

आणि पार लगदा झाला असेल तर तो मिक्सरमधून फिरवून चाळणीतून गाळा. फेटलेल्या सायीत किंवा चक्क्यात तो अर्धवट मिसळायचा, म्हणजे पांढऱ्यात तपकिरी रेघा दिसतात, आणि छोट्या ग्लासात गार करायचा. पाहुण्यांना हाच बेत होता असं सांगितलं तरी कुणाला संशय येत नाही.

साठवण

झाकणबंद बरणीत, फ्रिजमध्ये, पाच-सहा दिवस. दर वेळी कोरडा, स्वच्छ चमचा. खरकटा चमचा एकदा गेला की वर फेस धरायला सुरुवात होते. फेस किंवा आंबूस वास आला तर सगळंच टाका, उकळून वाचवायला जाऊ नका. फळं कायम पाकाखाली बुडालेली हवीत, वर डोकावणारं फळ आधी खराब होतं. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने टिकतं. बरणी काठोकाठ भरायची नाही, गोठताना पाक फुगतो. स्टार्चनं दाटवलेलं असेल तर गोठवू नका, वितळल्यावर पाणी सुटतं.

फळं संपून पाक तेवढा उरला तर तो टाकायचा नाही. गार पाणी किंवा सोडा घालून सरबत होतं. शिळ्या केकवर किंवा पावावर शिंपडला तर तो पुन्हा ओलसर होतो. पुढच्या खेपेला याच पाकात नवी फळं भिजवायचा विचार मनात येईल, पण साखरेच्या पाण्यात फळं नीट फुगत नाहीत. त्यांना साध्या पाण्यातच भिजवा आणि हा जुना पाक आच बंद करण्याआधी दोन मिनिटं वरून ओता.